मेटानेफ्रिन: बीपी वाढवणारी दुर्मीळ गाठ रक्तातून कशी ओळखतात?

परीक्षानळी

रक्तदाबाच्या मागच्या धाग्यात कुणीतरी विचारलं होतं, "बीपी कशामुळे वाढलंय हे सांगणारी एखादी रक्ततपासणी असते का?" तिथे मी एका ओळीत उत्तर देऊन सटकलो, पण विषय मोठा आहे. म्हणून हा वेगळा धागा. मी डॉक्टर नाही. लॅबमध्ये हार्मोनच्या तपासण्या होतात त्या विभागात काम करतो. गोळ्यांबद्दल माझं ऐकू नका, नळीतल्या रक्ताबद्दल ऐकायला हरकत नाही.

बहुतेकांच्या बीपीला एकच एक कारण नसतं. थोड्या लोकांत मात्र कारणावर नेमकं बोट ठेवता येतं, आणि त्यातल्याही अगदी थोड्यांत ते कारण म्हणजे एक गाठ असते. या गाठींतली सगळ्यात नाटकी म्हणजे फिओक्रोमोसायटोमा. दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर अ‍ॅड्रेनल ग्रंथी बसलेल्या असतात. त्यांच्या गाभ्यातल्या पेशी अ‍ॅड्रेनलिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन तयार करतात. या पेशींची गाठ झाली की ती फिओ. त्याच कुळातल्या पेशींची गाठ ग्रंथीबाहेर झाली, म्हणजे पोटात मणक्यालगत, छातीत, क्वचित मूत्राशयाच्या भिंतीत, तर तिला पॅरागँग्लिओमा म्हणतात. मानेतही होतात, पण तिथल्या बहुतेक गाठी हार्मोन सोडत नाहीत. बीपीसाठी दवाखान्यात येणाऱ्या हजार जणांत अशी गाठ साधारण दोन ते सहा जणांत निघते.

लक्षणं पुस्तकात तीन दिलेली असतात: डोकं ठणकणं, दरदरून घाम, छातीत धडधड. एकदम येतात, थोड्या वेळाने ओसरतात, त्या वेळी चेहरा पांढराफटक पडतो आणि बीपी मोजलं तर आकडा बघून घाबरायला होतं. प्रत्यक्षात तिन्ही एकत्र असणारे रुग्ण कमीच. काहींचं बीपी कायमच चढलेलं असतं. काहींना काहीच होत नसतं, भलत्याच कारणासाठी काढलेल्या सीटीत गाठ दिसते.

आता मूळ मुद्दा. गाठ अ‍ॅड्रेनलिन सोडते, मग रक्तात अ‍ॅड्रेनलिनच मोजावं, असं कुणालाही वाटेल. पूर्वी तसंच करायचे. पण गाठ ते सारखं सोडत नाही, मनात येईल तेव्हा सोडते. तुम्ही रक्त द्यायला गेलात आणि गाठ गप्प बसली असेल तर रिपोर्ट नॉर्मल. शिवाय सुई बघूनच अ‍ॅड्रेनलिन वाढणारे लोक काही कमी नाहीत.

खरी गंमत गाठीच्या पेशीच्या आत चालू असते. पेशीत हे हार्मोन छोट्या छोट्या पिशव्यांत साठवलेलं असतं आणि त्या पिशव्या सतत थोड्या पाझरतात. पाझरलेल्या मालावर कॉम्ट नावाचं एन्झाइम टपून बसलेलं असतं. ते अ‍ॅड्रेनलिनचं मेटानेफ्रिन करतं आणि नॉरअ‍ॅड्रेनलिनचं नॉरमेटानेफ्रिन. झटका येवो न येवो, हे काम रात्रंदिवस चालतं. नळ कधी सोडला याची वाट बघत बसण्यापेक्षा टाकी गळतेय का ते बघावं, तसं आहे हे. आणि आपल्या साध्या सिंपथेटिक नसांमध्ये हे एन्झाइम नसतं, त्यामुळे ताणतणावात नसांतून सुटलेलं नॉरअ‍ॅड्रेनलिन या आकड्यांत त्या मानाने कमी ढवळाढवळ करतं.

कॉम्ट आणि मेटानेफ्रिन १९५०च्या दशकाच्या अखेरीस ज्युलियस अ‍ॅक्सलरॉड यांनी दाखवून दिलं. १९७०च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. पण गाठ हा माल स्वतःच्या पोटातच तयार करते, हे नीट उमगायला नव्वदचं दशक उजाडावं लागलं. २००२ साली जामा या नियतकालिकात एक मोठा तौलनिक अभ्यास आला. त्यात रक्तातल्या मुक्त मेटानेफ्रिनची (दोन्ही घटक मिळून) संवेदनशीलता, म्हणजे गाठ असलेल्यांना पकडण्याची क्षमता, ९९ टक्के आणि विशिष्टता, म्हणजे गाठ नसलेल्यांना नॉर्मल ठरवण्याची क्षमता, ८९ टक्के निघाली. लघवीतलं व्हीएमए, म्हणजे या हार्मोनचा शेवटी उरणारा कचरा, मोजायची जुनी तपासणी त्यापुढे फारच फिकी पडली, ती बऱ्याच गाठी सोडून देते. आज पहिली तपासणी म्हणून दोनच पर्याय धरतात: रक्तातली मुक्त मेटानेफ्रिन, नाहीतर २४ तासांच्या लघवीतली मेटानेफ्रिन.

सॅम्पल कसं घ्यायचं हा अर्ध्याहून जास्त महत्त्वाचा भाग राहिलाच. कुणी विचारलं तर लिहितो.

उंटावरचा शहाणा

घाम, धडधड, डोकेदुखी. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं की मला तिन्ही होतं. हा फिओ की बॉसोक्रोमोसायटोमा?

परीक्षानळी

रविवारीही होत असेल तर तपासा.

वाचनमात्र

छान लिहिलंय, वाचतेय. सॅम्पलबद्दल जरूर लिहा.

अर्धविराम

माहिती चांगली आहे, पण एक कळत नाही. ९९ टक्के गाठी पकडणारी तपासणी हाताशी असताना ती बीपीच्या प्रत्येक माणसाची का करत नाहीत? साखर आणि क्रिएटिनिन करतातच की. दुर्मीळ आहे म्हणून हात वर करायचे, आणि मग एखाद्याला पक्षाघात झाला की "अरेरे, गाठ होती" म्हणायचं?

गणितगोम

अर्धविराम, वरचेच आकडे घेऊन हिशोब करू. बीपी असलेली १००० माणसं घ्या. त्यात ५ जणांना गाठ आहे असं धरू. संवेदनशीलता ९९ टक्के, म्हणजे पाचही पकडले गेले.

उरले ९९५. विशिष्टता ८९ टक्के, म्हणजे शंभरातल्या अकरा जणांचा रिपोर्ट गाठ नसतानाही वाढलेला येणार. ९९५ पैकी साधारण १०९.

म्हणजे "वाढलंय" असा रिपोर्ट हातात घेऊन ११४ माणसं उभी राहतील आणि त्यात खरी गाठ असेल पाच जणांत. तेवीस जणांत एक. बाकीच्या १०९ जणांचं काय करायचं? प्रत्येकाचा सीटी काढायचा? काढाल तर त्यातल्या काहींच्या अ‍ॅड्रेनलवर निरुपद्रवी गाठी दिसतीलच, त्या वयानुसार बऱ्याच जणांत असतात. मग वाढलेला रिपोर्ट आणि गाठ, दोन्ही एकाच माणसात. विनाकारण ऑपरेशनपर्यंत प्रकरण जायला एवढं पुरे.

उलट बाजूही बघा. ८८६ जणांचा रिपोर्ट नॉर्मल आला आणि त्यात सुटलेली गाठ जवळपास शून्य. ही तपासणी "नाही" म्हणाली तर डोळे झाकून विश्वास ठेवा. "हो" म्हणाली तर आधी विचारा, किती मोठ्याने म्हणाली?

अर्धविराम

हे पटलं. मग करायची कुणाची?

परीक्षानळी

गणितगोम, हा हिशोब आमच्या भिंतीवर लावायला हवा.

ज्यांच्यात गाठ असण्याची शक्यता मुळातच जास्त आहे त्यांची. वर लिहिलेले झटके येणारे लोक. लघवी वाढवणाऱ्या गोळीसकट तीन गोळ्या पुऱ्या डोसमध्ये घेऊनही बीपी न उतरणारे. भूल देताना किंवा मेटोक्लोप्रमाइड, स्टिरॉइड अशा औषधानंतर बीपी अचानक उसळलेले. घरात कुणाला अशी गाठ झाली आहे असे, किंवा ज्यांना स्वतःलाच पूर्वी झाली होती असे. आणि सीटीत योगायोगाने अ‍ॅड्रेनलवर गाठ दिसलेले लोक, हा हल्ली फार मोठा गट झालाय. त्यात एक सवलत आहे. सीटीवर गाठीच्या घनतेचा आकडा येतो, हाउन्सफील्ड युनिटमध्ये. साध्या सीटीत, म्हणजे शिरेत औषध न देता काढलेल्या, तो १० किंवा त्याहून कमी असेल तर गाठ चरबीने भरलेली असते आणि फिओ जवळपास नसतेच.

गुंतवळ

मी इथे सहसा लिहीत नाही, पण हा धागा माझ्यासाठीच निघाल्यासारखा वाटतोय. कालच माझा रिपोर्ट आला. नॉरमेटानेफ्रिन १.१ नॅनोमोल प्रति लिटर, त्यांची वरची मर्यादा ०.९. मेटानेफ्रिन नॉर्मल. आकड्यापुढे लाल बाण. रात्रभर इंटरनेटवर वाचत बसले आणि आता मला सगळीच लक्षणं आहेत असं वाटायला लागलंय.

बीपी वर्षभर १५०/९५च्या आसपास. धडधड होते, घाम तसा नाही. डोकेदुखी अर्धशिशीची आहे, त्यासाठी अ‍ॅमिट्रिप्टिलिन रात्री घेते. डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यात आहे. रक्त खुर्चीत बसवूनच घेतलं, उशीर झाला म्हणून मी जिना धावत चढून गेले होते. याने फरक पडतो का?

परीक्षानळी

गुंतवळ, आधी शांत व्हा. तुम्ही जे लिहिलंय त्यात हा आकडा वाढायची निदान तीन कारणं आहेत आणि त्यातलं एकही गाठ नाही.

पहिलं, खुर्ची. आपण उठून बसलो किंवा उभे राहिलो की रक्त पायात उतरू नये म्हणून नसा नॉरअ‍ॅड्रेनलिन सोडतात. मघाशी मी म्हणालो की नसांची ढवळाढवळ कमी असते. कमी असते, पण असतेच, आणि ती नॉरमेटानेफ्रिनमध्ये दिसते. म्हणून हे रक्त आडवं झोपवून घ्यायचं. शांत, उबदार खोलीत २० ते ३० मिनिटं झोपल्यावर. शक्य असेल तर सुई आधीच लावून ठेवायची, म्हणजे टोचल्याचा झटकाही मोजणीत येत नाही. बसून घेतलेला रिपोर्ट नॉर्मल आला तर काही हरकत नाही, तो धरायचा. वाढलेला आला तर मात्र झोपवून पुन्हा, त्याला पर्याय नाही.

दुसरं, धावत चढलेला जिना. त्याबद्दल वेगळं काय लिहू!

तिसरं आणि माझ्या मते सर्वांत मोठं, अ‍ॅमिट्रिप्टिलिन. या गटातली औषधं नसांनी सोडलेलं नॉरअ‍ॅड्रेनलिन परत आत ओढू देत नाहीत, त्यामुळे ते बाहेर साचतं आणि नॉरमेटानेफ्रिन वर जातं. व्हेनलाफॅक्सिनसारखी औषधंही तेच करतात. सर्दीच्या गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन, पार्किन्सनवरचं लेव्होडोपा, एमएओ हे एन्झाइम अडवणारी औषधं, हीसुद्धा याच यादीत. पण गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. कोणती थांबवायची, किती दिवस, हळूहळू की एकदम, हे ज्यांनी लिहून दिली त्यांनी ठरवायचं.

चौथं एक आहे, वय. नॉरमेटानेफ्रिन वयाबरोबर चढत जातं. काही लॅब वीस वर्षांच्या मुलीला आणि साठीच्या बाईला एकच मर्यादा लावतात. तुमचं वय विचारत नाही, पण त्यांनी वयानुसार मर्यादा दिली आहे का ते बघा.

आकड्याचा आकारही बघायचा असतो. खऱ्या गाठीत तो बहुतेक वेळा मर्यादेच्या दुप्पट-तिप्पट किंवा त्याच्याही पलीकडे असतो, अनेकदा दोन्ही घटक एकदम वाढलेले असतात. ०.९ च्या जागी १.१ हे कुजबुजणं झालं. लहान गाठही असं कुजबुजू शकते, म्हणून तुमचा रिपोर्ट कचऱ्यात टाका असं मी म्हणणार नाही. नीट पुन्हा करा एवढंच.

अर्धविराम

प्रश्न असा की झोपवून घ्यायचं हे लॅबवाल्यांना माहीत नसतं का?

परीक्षानळी

माहीत असतं. पण सॅम्पल गोळा करणारा माणूस आणि मशीनवर बसलेला माणूस एका ठिकाणी असतीलच असं नाही. बाहेर रांग लागलेली असताना एका रुग्णासाठी अर्धा तास पलंग अडवायचा म्हणजे कुणाच्या तरी कपाळावर आठी येते. आमच्याकडे रक्त येतं तेव्हा नळीवर "झोपून" की "बसून" हे बहुधा लिहिलेलं नसतं. मी रिपोर्टवर "स्थिती नोंदवलेली नाही" असा शेरा मारतो, तो कुणी वाचतं की नाही देव जाणे.

सांजवेळ

मी या गाठीतून गेलेली आहे म्हणून लिहिते. उजव्या अ‍ॅड्रेनलवर होती. निघाली, आता बरी आहे.

गाठ सापडायच्या आधी कितीतरी काळ मला "पॅनिक अटॅक" म्हणून सांगितलं जात होतं. गर्दीत होतं का, घरी ताण आहे का, असले प्रश्न. मी सांगायची की वाकून बुटाची नाडी बांधतानाही होतं, पण ते कुणाच्या कागदावर उतरलं नाही. मग एका ठिकाणी धडधडीसाठी बीटा ब्लॉकर सुरू झाला आणि मी वाईट पडले. बीपी इतकं चढलं की थेट अतिदक्षता विभाग. तिथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा मेटानेफ्रिन हा शब्द उच्चारला. रिपोर्ट मर्यादेच्या कित्येक पट होता. गुंतवळ, माझ्या रिपोर्टात शंका घ्यायला जागाच नव्हती हो. तुमचा तसा नाही.

आता दर वर्षी रक्त देते. पलंग मिळाल्याशिवाय देत नाही. एकदा मला "मॅडम, पाच मिनिटं टेका, पुरे" असं सांगितलं. मी पुस्तक काढून आडवी झाले आणि अर्ध्या तासाने हात पुढे केला.

उंटावरचा शहाणा

सांजवेळ, दंडवत. मघाचा माझा विनोद आता जरा बारीक वाटतोय.

सांजवेळ

अहो, राहू द्या. बॉसोक्रोमोसायटोमाला मी मोठ्याने हसले.

भूलथाप

नावावरून ओळखलं असेलच, मी भूल देतो. सांजवेळ यांच्या बाबतीत जे झालं ते आमच्या पुस्तकात ठळक अक्षरात असतं, तरी घडतं. रक्तवाहिन्यांवर दोन प्रकारची बटणं असतात. अल्फा दाबलं की वाहिनी आवळते, बीटा-२ दाबलं की सैलावते. गाठ दोन्ही दाबत असते. नुसता बीटा ब्लॉकर दिला की सैल करणारं बटण निकामी होतं आणि आवळणारं एकटं उरतं. म्हणून आधी अल्फा ब्लॉकर: फिनॉक्सिबेन्झामिन, प्राझोसिन किंवा डॉक्साझोसिन. धडधड उरलीच तर नंतर बीटा. ऑपरेशनच्या आधी निदान ७ ते १४ दिवस ही तयारी चालते, सोबत मीठ आणि पाणी भरपूर. बीपीच्या रुग्णाला "मीठ वाढवा" असं सांगणारे बहुधा आम्हीच. सतत आवळलेल्या वाहिन्यांत रक्ताचं आकारमान आटलेलं असतं, ते भरून काढावं लागतं. नाहीतर गाठ निघाल्याक्षणी बीपी जमिनीवर येतं. साखरही घसरू शकते.

या धाग्यात एक गोष्ट यायलाच हवी. अ‍ॅड्रेनलवरच्या गाठीत मेटानेफ्रिनचा रिपोर्ट आल्याशिवाय कुणीही सुई घालून तुकडा काढायला जाऊ नये. गाठ फिओ निघाली तर ती सुई जिवावर बेतते.

जाता जाता थोडा इतिहास. १८८६ साली जर्मनीत फेलिक्स फ्रँकेल यांनी १८ वर्षांच्या एका मुलीची हकीकत लिहिली. अचानक कोसळून गेली, शवविच्छेदनात दोन्ही अ‍ॅड्रेनलवर गाठी. २००७ साली तिच्या नातलगांच्या पुढच्या पिढ्यांची जनुकं तपासली तेव्हा रेट या जनुकात दोष सापडला. सव्वाशे वर्षांनी निदान पुरं झालं म्हणायचं. गाठ यशस्वीपणे काढल्याच्या पहिल्या नोंदी १९२६ च्या, स्वित्झर्लंडमध्ये सेझार रू आणि अमेरिकेत चार्ल्स मेयो. अल्फा ब्लॉकर नाहीत, मेटानेफ्रिन नाही. त्या भूलतज्ज्ञांची त्या दिवशी काय अवस्था झाली असेल, कल्पना करवत नाही.

वाचनमात्र

जनुकाचा विषय निघालाच आहे तर विचारते. माझ्या बाबांची अशी गाठ काढली होती, मी लहान होते तेव्हा. तेव्हा जनुक वगैरे कुणी काही बोललं नाही. माझं बीपी नॉर्मल आहे. मी तपासायला हवं का?

परीक्षानळी

वाचनमात्र, हो, आणि पुढे ढकलू नका. ही गाठ झालेल्या माणसांत ढोबळमानाने तिघांत एकाच्या जनुकात जन्मजात दोष निघतो. कर्करोगांच्या आणि गाठींच्या दुनियेत हे प्रमाण फार वरचं आहे. म्हणून आता प्रत्येक रुग्णाच्या जनुक तपासणीचा विचार करावा असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. बाबा असतील तर आधी त्यांची तपासणी करणं सोपं. त्यांच्यात दोष सापडला तर तुमची फक्त त्या एका दोषापुरती करायची. त्यांचं रक्त मिळणं शक्य नसेल तर जनुकतज्ज्ञ तुमच्यापासून सुरुवात करतील.

"बाबांची" हा शब्द महत्त्वाचा आहे. एसडीएचडी नावाच्या जनुकातला दोष वडिलांकडून आला तरच सहसा गाठ होते. आईकडून आलेला दोष बहुतेक वेळा झोपलेला राहतो, पण पुढच्या पिढीत मुलाकडून नातवाकडे जाताना पुन्हा जागा होऊ शकतो. म्हणजे एखाद्या पिढीत कुणालाच काही झालं नाही, म्हणून घराणं सुटलं असं नाही.

इथे रक्तातले हे घटक आणखी एक काम करतात, ते मला स्वतःला फार आवडतं. नुसतं "गाठ आहे" एवढं सांगून ते थांबत नाहीत, ती कुठल्या जातीची असावी याचा इशाराही देतात. मेटानेफ्रिन ठळक वाढलेलं असेल तर गाठ बहुधा अ‍ॅड्रेनलमध्येच, कारण अ‍ॅड्रेनलिन बनवायचं शेवटचं एन्झाइम मुख्यतः तिथेच असतं. अशा वेळी रेट किंवा एनएफ१ या जनुकांकडे नजर जाते. फक्त नॉरमेटानेफ्रिन वाढलेलं असेल तर व्हीएचएल हे जनुक डोक्यात येतं. तिसरा एक घटक आहे, मेथॉक्सीटायरामिन. तो डोपामिनपासून होतो. तो वाढलेला असेल तर एसडीएचबी किंवा एसडीएचडी ही जनुकं, आणि गाठ पसरलेली तर नाही ना हेही बारकाईने बघायचं. एसडीएचबीमध्ये पसरण्याचा धोका इतरांहून जास्त. मेथॉक्सीटायरामिन मात्र खाण्याने वाढतं, म्हणून ते रात्रभर उपाशी राहूनच द्यायचं.

आणि जुनी पुस्तकं या गाठींची "साधी" आणि "कर्करोगाची" अशी वाटणी करतात. २०१७ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ती राहिलेली नाही. पसरण्याची क्षमता सगळ्यांतच आहे असं धरतात, कमी-जास्त एवढंच. म्हणून सांजवेळ करतात तशी वर्षाकाठी तपासणी निदान दहा वर्षं, आणि जनुकात दोष असेल तर जन्मभर.

वाचनमात्र

बाबा आहेत. आजच बोलते त्यांच्याशी.

खारा वारा

उशिरा आलो. सगळे फिओवर तुटून पडलेत, पण बीपी वाढवणाऱ्या अ‍ॅड्रेनलच्या गाठींत खरी दुर्लक्षित बिचारी दुसरीच आहे. अल्डोस्टेरोन या हार्मोनची. मला तीच होती.

१९५५ साली जेरोम कॉन यांनी वर्णन केली. ग्रंथीच्या बाहेरच्या थरातली गाठ अल्डोस्टेरोन ओतत राहते, शरीर मीठ धरून ठेवतं, पोटॅशियम लघवीवाटे जातं, बीपी चढतं. फिओ हजारात दोन ते सहा, आणि हा प्रकार बीपीवाल्यांत शंभरात पाच ते दहा! औषधांना न जुमानणाऱ्या बीपीत तर त्याहून जास्त. तरीही विचारतं कोण? माझ्या पायात गोळे यायचे, रात्री चारदा लघवीला उठायचो, वय झालं म्हणून सोडून दिलं होतं.

परीक्षानळी

खारा वारा, धाग्याच्या नावात "दुर्मीळ" आहे म्हणून तिला आत घेतलं नव्हतं, ती दुर्मीळ नाहीच. दुसरं म्हणजे सगळ्यांत गाठ नसते. बऱ्याच जणांत दोन्ही ग्रंथी एकसारख्या अति काम करत असतात. पण आलाच आहात तर तिची तपासणीही सांगतो, कारण ती मेटानेफ्रिनच्या बरोबर उलटी आहे आणि नेमका तिथेच घोळ होतो.

यात एक घटक मोजून भागत नाही, दोन मोजून गुणोत्तर काढतात. अल्डोस्टेरोन आणि त्याला चालना देणारं मूत्रपिंडातलं रेनिन. अल्डोस्टेरोन खरंच बेलगाम झालं असेल तर रेनिन तळाला जाऊन बसतं, म्हणून गुणोत्तर फुगतं. रक्त सकाळी, उठून निदान दोन तास हिंडल्या-फिरल्यावर, मग ५ ते १५ मिनिटं बसवून घ्यायचं. मेटानेफ्रिन झोपवून, हे बसवून. डॉक्टरांनी एकाच कागदावर दोन्ही लिहिली की लॅब एकाच सुईत दोन्ही उरकते आणि दोन्हींतलं एक हमखास बिघडतं.

पोटॅशियम आधी भरून घ्यायचं. ते कमी असलं की अल्डोस्टेरोन दबतं आणि रिपोर्ट फसवा नॉर्मल येतो. बीटा ब्लॉकर रेनिन खाली आणतात, त्यामुळे गुणोत्तर खोटं वाढतं. लघवीच्या गोळ्या आणि एसीई इन्हिबिटर गटातली बीपीची औषधं रेनिन वर नेतात, तेव्हा उलट. अल्डोस्टेरोनला अडवणारं स्पायरोनोलॅक्टोन तर साधारण चार आठवडे आधीपासून बंद ठेवावं लागे. आता मात्र डॉक्टर म्हणतात, औषधांसकट एकदा करून तर बघू, आकडा गोंधळाचा आला तर मग थांबवू.

खारा वारा

बरोबर. एक भर घालतो, पोटॅशियम नॉर्मल आहे म्हणून हा आजार नाही असं समजू नका. बहुतेकांचं नॉर्मलच असतं. २०२५ मध्ये एंडोक्राइन सोसायटी या हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनेने तर बीपीच्या सगळ्याच रुग्णांची ही चाचणी करावी असं सुचवलंय. अर्धविराम यांनी "सगळ्यांची का नाही?" विचारलं होतं ना, ते इथे लागू पडतं. गणितगोम, इथे तुमचा हिशोब वेगळा येईल बघा.

गणितगोम

येईलच. हजारात पाच ऐवजी पन्नास ते शंभर धरले की खोट्या "हो"च्या गर्दीत खरे "हो" उठून दिसायला लागतात.

अर्धविराम

क्रोमोग्रॅनिन ए नावाची एक तपासणी एका पॅकेजमध्ये बघितली, "ट्यूमर मार्कर" म्हणून. ती यातलीच का?

परीक्षानळी

निदानासाठी तिचा फार उपयोग नाही. आम्लपित्ताच्या ओमेप्राझोलसारख्या गोळ्या घेणाऱ्यांत वाढते, मूत्रपिंड कमजोर असलं तरी वाढते. पॅकेजमध्ये तर मुळीच नको.

गुंतवळ

पुन्हा मीच. डॉक्टरांनी अर्धशिशीची गोळी बदलून मधे काही दिवस जाऊ दिले आणि दुसऱ्या लॅबमध्ये पुन्हा करायला सांगितलं. यावेळी झोपवून घेतलं, मी हट्टच धरला. रिपोर्ट आत्ता आला. नॉरमेटानेफ्रिन १२८! मागच्या वेळी १.१ होतं. हात थरथरताहेत. लाल बाण नाही, पण १२८??

परीक्षानळी

गुंतवळ, आकड्याच्या पुढे एकक काय लिहिलंय?

गुंतवळ

पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर.

परीक्षानळी

मग १८३ ने भागा. नॉरमेटानेफ्रिनचा रेणूभार तेवढा आहे. १२८ म्हणजे ०.७ नॅनोमोल प्रति लिटर. मागचं १.१ याच एककात लिहिलं असतं तर साधारण २०१ झालं असतं. म्हणजे आकडा खाली आलाय आणि मर्यादेच्या आत आहे. मेटानेफ्रिनसाठी १८३ ऐवजी १९७ घ्यायचं, ते कधी लागलं तर.

भूलथाप

आणि समजा झोपवूनही थोडं वाढलेलंच राहिलं असतं, तरी पुढे रस्ता होता. नसांना गप्प करणारं क्लोनिडिन हे औषध देऊन तीन तासांनी पुन्हा मोजतात. वाढ नसांमुळे असेल तर नॉरमेटानेफ्रिन ४० टक्क्यांहून जास्त उतरतं किंवा नॉर्मलला येतं, गाठ असेल तर ती जुमानत नाही. तुम्हाला त्याची गरज पडेल असं दिसत नाही.

गुंतवळ

हुश्श. बीपी मात्र अजून १५०/९५च आहे. खारा वारा यांचं वाचून आता अल्डोस्टेरोनचं विचारू का डॉक्टरांना?

खारा वारा

विचारा. आणि त्या दिवशी झोपू नका.